बार्शी लाईट ते विशाखापट्टण : उद्योगपती शेठ वालचंद हिराचंद यांची जीवनयात्रा

श्रीक्षेत्र कुंथलगिरीच्या दर्शनाला दूरदूरचे श्रावक-श्राविका येत, तेव्हा पूर्वी त्यांतील अनेकांचा प्रवास बार्शी लाईट रेल्वेच्या अरुंद डब्यांतून होत असे. बार्शीला उतरावे आणि पुढे बैलगाडीने बालाघाटच्या वाटेला लागावे, असा तो क्रम होता. वाशी, भूम, येडशी, तडवळे या परिसरातील धान्याची आणि कापसाची पोतीही याच गाडीने कुर्डुवाडीकडे रवाना होत. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून डुलत जाणारी ही गाडी जुन्या पिढीच्या स्मरणात आहे. मात्र सोलापूरच्या एका दिगंबर जैन कुटुंबातील तरुणाने याच मार्गाच्या येडशी-तडवळे या भागाच्या कामावर कंत्राटदारीचे पहिले धडे गिरवले आणि पुढे त्यातूनच भारताच्या जहाज, विमान व मोटार उद्योगांचा पाया रचणारा पुरुष घडला, ही गोष्ट या पंचक्रोशीतही फार थोड्यांना ठाऊक आहे. त्या तरुणाचे नाव वालचंद हिराचंद दोशी.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, दशा हुमड ज्ञातीचे. व्यापाराच्या निमित्ताने हे कुटुंब मराठी मुलखात आले व येथेच स्थिरावले. कापसाचा व्यापार आणि सावकारी पेढी हा घराण्याचा परंपरागत व्यवसाय. वडील शेठ हिराचंद नेमचंद हे केवळ व्यापारी नव्हते. धर्मशास्त्राचा अभ्यास, समाजसुधारणेची तळमळ आणि लेखनाची आवड या तिन्ही गुणांचा संगम त्यांच्या ठिकाणी झाला होता. सोलापुरातून निघणाऱ्या 'जैन बोधक' या मासिकाची स्थापना त्यांचीच. मराठी वाचणाऱ्या जैन समाजाला स्वतःविषयी विचार करायला लावणारे ते आरंभीच्या काळातील एक प्रमुख नियतकालिक होय. यज्ञयागातील व जत्रांतील पशुहत्येविरुद्धही हिराचंदशेठ झटले. पुत्राच्या ठिकाणी पित्याची धार्मिक विद्वत्ता उतरली नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु रूढ चाकोरी सोडून नवे काही मांडण्याचे आणि त्यासाठी टीका सोसण्याचे बळ मात्र त्याच घरातून आले असावे.

सोलापुरात मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण झाल्यावर वालचंद मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात व पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. तो काळ प्लेगचा होता. शिक्षणात खंड पडत गेला आणि पदवी न घेताच ते घरच्या व्यवसायात परतले. पेढीच्या गादीवर बसून व्याजाचा हिशेब करणे त्यांच्या स्वभावाला मानवणारे नव्हते. सावकारीत पैशाने पैसा वाढतो, हे त्यांना दिसत होते, परंतु त्यातून काही उभे राहत नाही ही खंत त्यांना होती. याच सुमारास त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली.

फाटक हे रेल्वेतील नोकरी सोडलेले कारकून. रेल्वेच्या बांधकामाची कामे कशी निघतात, मोजमापे कशी होतात, बिले कोणत्या टेबलावर अडतात आणि मजुरांच्या टोळ्या कशा सांभाळाव्या लागतात, याची त्यांना इत्थंभूत माहिती होती. उणीव होती ती भांडवलाची. वालचंदांपाशी घरची पत होती, पण बांधकामाचा गंधही नव्हता. दोघांची जात निराळी, धर्म निराळा, घरची रीत निराळी. त्या काळी व्यापारातील भागीदारी बहुधा भाऊबंदांत किंवा ज्ञातीतच होत असे. पेढीचा पैसा एका माजी कारकुनाच्या भरवशावर खडी, माती आणि रूळ यांत घालावा, हे घरातील वडीलधाऱ्यांना धाडसाचे वाटले असल्यास नवल नाही. तरीही भागीदारी झाली, 'फाटक-वालचंद' या नावाने ती नावारूपाला आली आणि या नावात फाटकांचे आडनाव पुढे राहिले. पैसा घालणाऱ्याने आपले नाव मागे ठेवावे, ही गोष्ट लहान दिसते, परंतु माणसे जोडण्याची हातोटी तेथेच प्रकट होते.

बार्शी लाईट रेल्वेची कुर्डुवाडी ते बार्शी ही पहिली शाखा १८९७ मध्ये सुरू झाली होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने आखलेली ही रेल्वे अरुंद मार्गावरही भरपूर माल वाहता येतो, हे सिद्ध करून जगभर नावाजली. पुढे ती निजामाच्या राज्यात शिरून येडशीमार्गे तडवळ्याकडे आणि १९११ पर्यंत लातूरपर्यंत गेली. यांतील येडशी-तडवळे या टप्प्याचे काम फाटक-वालचंद यांनी केले. डोंगराळ भूभाग, पाण्याची टंचाई आणि दोन राज्यांची सरहद्द. या सर्वांतून वेळेवर काम काढणे म्हणजे कंत्राटदाराची परीक्षाच. येथे वालचंदांना उमगले की, बांधकामाच्या धंद्यात नफा हा भावात नसून वेळेत असतो. रेल्वे कंपनीचा पैसा काम झाल्यावर मिळतो, मजुराला मात्र आठवड्याला द्यावा लागतो. मधल्या दिवसांचे व्याज ज्याला मोजता येते तोच टिकतो. सावकाराच्या मुलाला हे गणित शिकवावे लागले नाही. घराण्याचा जुना धंदा त्यांनी सोडला खरा, परंतु त्याचे शहाणपण सोडले नाही.

त्यानंतरच्या पंधरा वर्षांत या भागीदारीने रेल्वेची व सरकारी बांधकामांची अनेक कामे केली. पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी कामांमुळे व्याप वाढला. १९२० मध्ये ही पेढी टाटांच्या बांधकाम कंपनीत विलीन झाली आणि टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीचा कारभार वालचंदांच्या हाती आला. आपली लहान पेढी मोठ्या नावाखाली नेण्यात अनेकांना कमीपणा वाटतो. वालचंदांनी त्यात मोठी कामे मिळवण्याची पात्रता पाहिली. १९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन केली. मुंबई-पुणे लोहमार्गावरील बोरघाटातील बोगदे हे या कंपनीचे आरंभीचे गाजलेले काम. या नव्या बोगद्यांमुळे १९२९ पासून घाटात गाडीची दिशा उलटी करण्याचा जुना खोळंबा संपला. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा जलवाहिनीचे काम, सिंधू नदीवरील कालाबागचा पूल, सिमेंटच्या नळांसाठी १९२६ मध्ये निघालेली इंडियन ह्यूम पाईप कंपनी, ही सारी याच कालखंडातील कामे. १९३५ मध्ये टाटा कन्स्ट्रक्शनचे नाव बदलून प्रीमियर कन्स्ट्रक्शन झाले. या प्रत्येकाचा इतिहास स्वतंत्र आहे, पण वालचंदांचे नाव इतिहासात कोरले गेले ते समुद्रावरील लढ्यामुळे.

त्याची सुरुवात आगगाडीच्या प्रवासात झाली. १९१९ च्या आरंभी दिल्लीहून मुंबईला परतताना ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे 'लॉयल्टी' हे जहाज विक्रीस असल्याचे वालचंदांच्या कानी आले. हे जहाज मूळचे कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. १८९१ पासून ते पॅसिफिक महासागरात प्रवासी वाहत होते. महायुद्धाच्या काळात शिंदे महाराजांनी ते घेऊन जखमी सैनिकांसाठी इस्पितळ-जहाज म्हणून दिले होते. युद्ध संपले आणि त्याचे प्रयोजन उरले नाही. वालचंदांना जहाजाच्या व्यवसायाचा अनुभव शून्य होता. परंतु फाटकांच्या वेळी जे केले तेच त्यांनी येथे केले, ज्याला ठाऊक आहे त्याला बरोबर घेतले. शेठ नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास हे मुंबईच्या व्यापारी जगातील वजनदार सद्गृहस्थ त्यांच्या सोबतीला आले. नरोत्तमशेठांचे घराणे सोलापूरला परके नव्हते. त्यांचे वडील मोरारजी गोकुळदास यांनीच १८७७ मध्ये सोलापुरात कापड गिरणी उभारली होती, जिला गावकरी पुढे जुनी गिरणी म्हणू लागले. मार्च १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची नोंदणी झाली. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनकडे निघाले. याच दिवसाची आठवण म्हणून १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो.

व्यवहाराच्या दृष्टीने पाहता ती सफर लाभाची ठरली नाही. जहाज जुने होते. परतीच्या माल-वाहतुकीच्या बाबतीत ब्रिटिश कंपन्यांनी असहकार पुकारला. अखेर १९२३ मध्ये 'लॉयल्टी' भंगारात निघाले. युद्धानंतरच्या तेजीत चढ्या भावाने घेतलेली आणखी जहाजे मंदी येताच कंपनीच्या गळ्यात अडकली. वालचंदांच्या चरित्रात या चुकीच्या किमतीच्या खरेदीकडे काणाडोळा करण्याचे कारण नाही. उत्साहाच्या भरात घेतलेला माल महाग पडतो, हे बाजारातील कोणत्याही दुकानदाराला ठाऊक असते आणि वालचंदांनाही ठाऊक होते. तरी त्यांनी घेतला. प्रश्न होता तो यानंतर काय करायचे हा.

त्या काळी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील वाहतूक ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या मुठीत होती. तिचे सूत्रधार लॉर्ड इंचकेप. यापूर्वीही देशी जहाज कंपन्या निघाल्या होत्या आणि दरयुद्धात बुडाल्या होत्या. चिदंबरम पिल्लई यांच्या तुतिकोरीन येथील स्वदेशी कंपनीची कथा सर्वश्रुत आहे. सिंदियाविरुद्धही हेच शस्त्र उपसले गेले. रंगूनहून मुंबईला येणाऱ्या तांदळाचे भाडे टनाला १८ रुपयांवरून ६ रुपयांपर्यंत उतरवण्यात आले. शिवाय व्यापाऱ्यांना बांधून ठेवणारी एक खुबीदार पद्धत होती. ठराविक मुदतीत सर्व माल ब्रिटिश जहाजांनीच पाठवला, तर भाड्याचा काही भाग मुदतीनंतर परत मिळे. मधेच एखादी खेप सिंदियाला दिली की, आधीची सारी सवलत बुडे. भाव कितीही कमी केला तरी व्यापारी सिंदियाकडे येण्यास कचरत, याचे मर्म येथे होते. पेठेतील उधारीच्या खात्याने गिऱ्हाईक बांधून ठेवणारे दुकान ज्याने पाहिले असेल, त्याला ही युक्ती नवी वाटणार नाही.

इंचकेप यांनी कंपनी विकत घेण्याची तयारी दाखवली. विकून मोकळे व्हावे, असे वाटणारेही होते. वालचंद व नरोत्तमशेठ यांनी कंपनी विकली नाही. परंतु युद्ध शेवटपर्यंत लढण्याची ताकद नाही, हेही त्यांनी ओळखले. १९२३-२४ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाने किनारी वाहतुकीपुरते मर्यादित राहावे, जहाजांचे एकूण वजन ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर वाढवू नये, असे त्याचे स्वरूप. करार अपमानास्पद होता आणि वालचंदांच्या मनाला तो फार लागला. तरीही हा करार म्हणजे वालचंदांच्या नेतृत्वातील सर्वांत परिपक्व निर्णय मानावा लागेल. बुडून कीर्ती मिळवण्यापेक्षा बांधलेल्या हाताने तगून राहण्याचे त्यांनी पत्करले आणि मिळालेली दहा वर्षे वाया जाऊ दिली नाहीत. कराराच्या चौकटीत जे करता येत नव्हते, ते त्यांनी चौकटीबाहेर सुरू केले. किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी, यासाठी लोकमत तयार केले. सिंदियाचेच साराभाई नेमचंद हाजी यांनी १९२८ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात तसे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही, परंतु हा प्रश्न एका कंपनीचा न राहता देशाचा झाला. भारतीय तरुणांना जहाजावरील अधिकारी होता यावे, ही मागणीही याच चळवळीतली. १९२७ मध्ये 'डफरीन' हे प्रशिक्षण-जहाज सुरू झाले आणि त्यातून शिकलेली मुले पुढे सिंदियाच्या जहाजांवर कप्तान झाली.

१९२९ मध्ये नरोत्तमशेठांचे अपघाती निधन झाले आणि सिंदियाचे अध्यक्षपद वालचंदांकडे आले. ते त्यांनी १९५० पर्यंत सांभाळले. या काळातील एक प्रसंग जैन वाचकाला विशेष वाटेल. हज यात्रेकरूंची वाहतूकही त्या वेळी परकीय कंपनीकडे होती. १९३७ मध्ये सिंदियाने खास हज यात्रेसाठी 'एल मदिना' हे नवे जहाज बांधून घेतले व त्या मार्गावर उतरवले. तेथेही दरयुद्ध झालेच. एका जैन गृहस्थाच्या कंपनीने मुस्लिम यात्रेकरूंच्या सोयीसाठी जहाज बांधावे, यात वालचंदांना काही वेगळे वाटले नाही. त्यांच्या लेखी तो सागरी वाहतुकीचा प्रश्न होता. वालचंदांच्या निधनापर्यंत म्हणजे १९५३ पर्यंत सिंदियाकडे भारतीय किनारी वाहतुकीचा सुमारे २१ टक्के वाटा आला होता.

समुद्रावर लढणारा हा माणूस त्याच वेळी माळरानावर ऊस पिकवत होता. १९२३ मध्ये मालेगावजवळील रावळगाव येथे त्यांनी सुमारे दीड हजार एकर जमीन घेतली. खडकाळ व ओसाड जमीन ती. अनेक वर्षे तिच्यात पैसा मुरत राहिला. १९३२ मध्ये साखर उद्योगाला संरक्षण मिळाले आणि १९३३ मध्ये रावळगावचा साखर कारखाना सुरू झाला. १९४२ पासून तेथे गोळ्या-चॉकलेटे होऊ लागली. रावळगावच्या गोळ्या ज्यांनी शाळेच्या वाटेवर खाल्ल्या नाहीत असे मराठी घर विरळा. हे नाव पुढे अनेक दशके टिकले व २०२४ मध्ये रिलायन्सकडे गेले. इंदापूर तालुक्यातील कळंबजवळ निरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर दुसरी वसाहत उभी राहिली, तेच वालचंदनगर. ऊसमळा, कारखाना, कामगारांची घरे, शाळा, दवाखाना असे संपूर्ण गावच तेथे वसले. साखर कारखान्याची यंत्रे दुरुस्त करता करता ती बनवण्याचे तंत्र हाती आले आणि वालचंदनगरची कार्यशाळा पुढे अवजड यंत्रांचा मोठा कारखाना झाली. बाहेरून आणलेली वस्तू दुरुस्त करणारा एक दिवस ती बनवू शकतो, ही वालचंदांची धारणा येथे अक्षरशः खरी ठरली.

विमान कारखान्याची कथा तर कादंबरीला शोभावी अशी. १९३९ मध्ये मोटार कारखान्याच्या योजनेसाठी वालचंद अमेरिकेला गेले होते. परतताना पॅसिफिक ओलांडणाऱ्या विमानात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थाशी ओळख झाली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होते. हाँगकाँगपर्यंतच्या प्रवासात हिंदुस्थानात विमान कारखाना काढण्याची कल्पना पक्की झाली. ब्रिटिश सरकार आधी उदासीन होते. १९४० मध्ये युरोपात दोस्तराष्ट्रांची पिछेहाट झाली आणि सरकारला पूर्वेकडे विमाने हवीशी वाटू लागली. वालचंदांनी ही वेळ अचूक साधली. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी बंगळूरला सातशे एकर जागा दिली व संस्थानातर्फे २५ लाख रुपयांचे भांडवल घातले. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. १९४१ मध्ये तेथे जोडलेले पहिले विमान आकाशात उडाले. जपान युद्धात उतरल्यावर मात्र सरकारला हा कारखाना स्वतःच्या ताब्यात हवासा झाला आणि एप्रिल १९४२ मध्ये वालचंदांना आपला हिस्सा सरकारला द्यावा लागला. अवघ्या सोळा महिन्यांत उभे केलेले सारे हातातून गेले. आजचे हिंदुस्थान एरोनॉटिक्स हे त्याच रोपट्याचे झाड आहे.

जहाजबांधणीचेही थोडेफार असेच झाले. कलकत्त्याला गोदी बांधण्याचा मनोदय होता, परंतु तेथे मनाजोगी जागा मिळाली नाही. अखेर विशाखापट्टणची निवड झाली आणि २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसवण्यात आली. पारतंत्र्यात, युद्ध चालू असताना, भारतीय कंपनीच्या गोदीची कोनशिला राष्ट्रीय नेत्याच्या हस्ते बसवणे यात जोखीम होती. एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी विशाखापट्टणवर बॉम्ब टाकले. यंत्रसामग्री मुंबईला हलवावी लागली. युद्ध संपल्यावर पुन्हा काम उभे करण्यात आले. १४ मार्च १९४८ रोजी 'जल उषा' हे आठ हजार टनी जहाज पंतप्रधान पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरवले गेले. आधुनिक पद्धतीच्या गोदीत स्वतंत्र भारतात बांधलेले ते पहिले मोठे जहाज. परंतु विलायतेत जहाज स्वस्त पडे, येथे महाग. हा फरक सोसण्याची ताकद एका खाजगी कंपनीत नव्हती. १९५२ मध्ये सरकारने दोन तृतीयांश भाग घेऊन हिंदुस्थान शिपयार्ड स्थापन केले व १९६१ मध्ये ती पूर्णपणे सरकारी झाली.

मोटारींच्या बाबतीत फोर्डशी झालेल्या वाटाघाटी फिसकटल्या, मग क्रायस्लरशी करार झाला. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना होऊन कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिल्या गाड्या निघाल्या. पुढे याच कारखान्याने फियाट व पद्मिनी या गाड्या दिल्या. मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनीची शेवटची काळीपिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

एकाच माणसाने एवढे सारे एकाच वेळी हाती घ्यावे, हे योग्य होते का, असा प्रश्न त्यांच्या हयातीतही विचारला जाई. वालचंदांचे व्यवहार कर्जावर उभे असत. एका उद्योगाच्या पतीवर दुसरा उभारण्याची त्यांची रीत सावध माणसाला धडकी भरवणारी होती. धनको, भागधारक आणि सरकार या तिघांच्या मनात एकाच वेळी शंका असतानाही ते पुढची योजना मांडत. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर यातील निम्म्या योजना कागदावरच राहिल्या असत्या, हे खरे आणि त्यांतील काही कागदावर राहिल्या असत्या तर उरलेल्या अधिक बळकट झाल्या असत्या, हेही तितकेच खरे. एखाद्या कुटुंबाने, पेढीने किंवा संस्थेने त्यांचे अनुकरण करताना हा दुसरा भागही वाचावा.

मात्र माणसे नेमताना ते चुकले असे क्वचितच दिसते. गुलाबचंद, रतनचंद आणि लालचंद या बंधूंना त्यांनी उद्योगांत वाढवले. ह्यूम पाईपचा कारभार रतनचंदांनी नावारूपाला आणला. त्याचबरोबर आपल्या नात्याचे नसलेले, ज्ञातीचे नसलेले अनेक अभियंते, कप्तान व व्यवस्थापक त्यांनी मोठ्या अधिकाराच्या जागी बसवले. व्यापाऱ्यांच्या संघटनांतही त्यांनी असेच केले. १९२७ मध्ये ते मुंबईच्या इंडियन मर्चंट्स चेंबरचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी, लहान गावांतील व्यापारी-उद्योजकांचा आवाज मुंबईत ऐकला जात नाही म्हणून त्यांनी महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना करण्यात पुढाकार घेतला. १९३२-३३ मध्ये अखिल भारतीय व्यापारी महासंघाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. परदेशातील परिषदांत भारतीय मालकवर्गाचा प्रतिनिधी म्हणून युरोपियन गृहस्थ पाठवण्याच्या सरकारी प्रथेला त्यांनी कडाडून विरोध केला.

सोलापुरात याच काळात ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपली संपत्ती जैन ग्रंथांच्या संशोधन-प्रकाशनास वाहिली व जीवराज जैन ग्रंथमाला सुरू झाली. एकाच नगरीत, एकाच समाजात, एकाने परिग्रह सोडला आणि दुसऱ्याने तो सतत फिरता ठेवला. या दोन वाटांची तुलना करून कोणती श्रेष्ठ ते ठरवण्याचा मोह अनेकांना होतो. वालचंदांच्या हातातून जे जे गेले, बंगळूरचा कारखाना, विशाखापट्टणची गोदी, त्याविषयी ते झुरत बसले नाहीत, एवढे मात्र त्यांच्या आयुष्याकडे पाहता निश्चित सांगता येते.

१९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी उद्योगांतून निवृत्ती घेतली. अखेरच्या दिवसांत पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची अहोरात्र शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले.

सांगलीला १९४७ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पुढे दोशी कुटुंबाच्या देणगीतून वालचंदांचे नाव देण्यात आले. सोलापुरात १९६२ मध्ये वालचंद महाविद्यालय व १९८३ मध्ये वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झाले. २००४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. २००७-०८ मध्ये बार्शी-लातूर मार्गाचे रुंदीकरण पूर्ण होऊन बार्शी लाईटचे जुने रूळ निघाले आणि मोठी गाडी धाराशिववरून धावू लागली. वाशी-भूम परिसरातील अनेक जैन कुटुंबांतील मुले-मुली सोलापूर-सांगलीच्या या महाविद्यालयांत शिकून अभियंते झाली आहेत. येडशीजवळच्या डोंगरात त्या जुन्या मार्गाच्या मातीच्या भरावाच्या खुणा अजूनही शोधणाऱ्याला सापडतात.